इंग्लंडचं खेडं, तिसरा मजला

महाराष्ट्रातून बंगळुरूला येणाऱ्या पाहुण्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. लालबाग, विधानसौधासमोर फोटो, एमटीआरची रवा इडली, चिकपेटेत साड्या. मग एका संध्याकाळी काकू-मावश्या आणलेल्या साड्यांच्या घड्या उलगडून बसल्या की घरातले पुरुष पाहुणे गॅलरीत येतात, घसा साफ करतात आणि खालच्या रहदारीकडे बघत विचारतात, "इथं म्हणे ते पब फार आहेत?" विचारण्याचा सूर असा, की डासांविषयी चौकशी चालली असावी.

आमचे सांगलीचे काकाही याला अपवाद नाहीत. काकांनी सगळं आयुष्य एका सहकारी बँकेच्या वसुली विभागात काढलं. माणूस दारातून आत येताना पाहिला की हा हप्ते भरणार की नाही, ते सांगतात. त्यांच्यापाशी दारूचा परवाना आहे. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून जिवंत आहे, त्यामुळे पिणाऱ्याजवळ परवाना असावा लागतो, आणि तो प्रकृतिस्वास्थ्य राखण्यासाठी म्हणून दिला जातो. एका दिवसाचाही मिळतो, आयुष्यभराचाही मिळतो. काकांनी आयुष्यभराचा काढला. म्हणजे गेली कित्येक वर्षं ते शासनाच्या मान्यतेने प्रकृती सांभाळताहेत. बंगळुरूला येताना त्यांनी तो लॅमिनेट करून आधार कार्डाच्या मागे खोचून आणला होता. कर्नाटकात असला कागद कुणी मागत नाही, वय एकवीस पूर्ण असलं की झालं, हे कळल्यावर ते हिरमुसले. कागद न बघता कुणी काही देतं, हेच त्यांना पटेना.

पण काकांना नुसता पब नको होता. "इंग्लंडातल्या खेड्यात असतो तसला पाहिजे," ते म्हणाले. याचं कारण त्यांची लेक. ताई ग्लॉस्टरशायरमधल्या एका खेड्यात राहते आणि दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉलवर तिच्यामागे एक बुटक्या छताची खोली, पेटलेली शेकोटी आणि टेबलाखाली झोपलेला कुणाचा तरी कुत्रा दिसतो. शेजारच्या टेबलावर आजीबाई, त्यांच्या पलीकडे चर्चचे पाद्री, मधेच रंगकांड्या घेऊन बसलेली पोरं. आपल्याकडच्या परमिट रूममध्ये गेलेल्या माणसाला हे दृश्य पचायला वेळ लागतो. परमिट रूममध्ये दिवे मंद, पाठ दाराकडे, समोर फुटाणे आणि काकडी. ओळखीचा कुणी आत आला तर दोघंही एकमेकांना पाहिलं नाही असं ठरवून टाकतात. पाद्री तर सोडाच, तिथं शाळामास्तर दिसला तरी गावभर होतं. आणि ताईच्या गावात सगळं गावच तिथं जेवायला! काकूंनी हे कॉल बघितलेले असल्यामुळे त्यांनी साड्या बाजूला सारून जाहीर केलं, "मी पण येणार. बघू तरी काय असतं ते."

या शहरात 'पारंपरिक इंग्लिश व्हिलेज पब' अशी पाटी शोधायला वेळ लागत नाही. इंदिरानगरातला एक सापडला. नाव सांगत नाही, कारण मालकाने मेहनत घेतली होती हे नाकारता येणार नाही. पहिल्या मजल्यावर दातांचा दवाखाना, दुसऱ्यावर कोडिंगचे क्लास आणि तिसऱ्यावर इंग्लंडचं खेडं. खेड्यात लिफ्टने जाण्याची काकांची ही पहिलीच वेळ.

आत पाऊल टाकलं आणि काका थबकले. छताला काळ्याकुट्ट जाड तुळया होत्या. त्यांनी हात वर करून बोटाच्या पेराने एकीवर टकटक केली. आवाज पोकळ आला. "प्लायवूड," ते म्हणाले. "ह्या तुळईच्या तारणावर मी पाच हजार दिले नसते." भिंतीवर घोड्यांच्या सरंजामाचे पितळी बिल्ले, जुन्या पुस्तकांची रांग (एक ओढून बघितलं, चिकटवलेली होती), कोपऱ्यात लाल टेलिफोन बूथ. मधोमध शेकोटी. तिच्यात नारिंगी दिव्यांच्या ज्वाळा लवलवत होत्या आणि बरोब्बर तिच्या डोक्यावर अठरावर लावलेला एसी घुमत होता. डार्टबोर्ड होता, पण बाण सुरक्षेच्या कारणास्तव काढून घेतलेले. भिंतीभिंतीवर टीव्ही, सगळ्यांवर एकच क्रिकेट मॅच. आणि संगीत असं, की आपल्याच टेबलावरच्या माणसाचे फक्त ओठ हलताना दिसावेत. काकूंनी समोर बसलेल्या काकांना व्हॉट्सॲप केलं: "पाणी मागवा."

इथून खरी गंमत सुरू झाली. निघण्यापूर्वी ताईने फोनवर काकांची शिकवणी घेतली होती. "बाबा, पबमध्ये वेटरची वाट बघायची नाही. तो येतच नाही. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा शहाण्यासारखे बसून राहिलो, शेवटी बाजूच्या म्हातारबाबांना दया आली. आपण उठायचं, काउंटरवर जायचं, टेबलाचा नंबर सांगायचा, पैसे तिथल्या तिथे द्यायचे. आणि तिथं रांग नसते बरं का, पण आधी कोण आलं ते सगळ्यांना ठाऊक असतं. हात वर करायचा नाही. नोट हलवायची नाही. नुसतं उभं राहायचं आणि बारवाल्याच्या नजरेला नजर मिळायची वाट बघायची."

बसस्टॉपपासून बिस्किटांच्या दुकानापर्यंत सगळीकडे रांग लावणारी ही माणसं दारूच्या गुत्त्यावरच रांग लावत नाहीत, हे इंग्रज जातीचं एक गूढ आहे. आपण उलटे. एसटी स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे आपण, देशी दारूच्या दुकानासमोर मात्र शिस्तीत उभे राहतो.

तर काका उठले आणि काउंटरपाशी जाऊन अदबीने उभे राहिले. नजरेला नजर मिळायची वाट बघू लागले. पलीकडचा पोरगा घाबरला. त्याने दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्याने मॅनेजरला. "सर, एनी प्रॉब्लेम?" काकांनी टेबल नंबर सांगितला. मॅनेजर त्यांना दंडाला धरून परत टेबलापाशी घेऊन आला आणि म्हणाला, "सर, प्लीज बैठिए, कोई आएगा." काका पुन्हा गेले. पुन्हा आणून बसवले. तिसऱ्या खेपेला दारावरचा बाउन्सरही चालत आला. आयुष्यभर लोकांकडे पैसे मागायला गेलेल्या माणसाला आधी पैसे द्यायचे होते आणि घ्यायला कुणी तयार नव्हतं. शेवटी ईशान्येकडचा एक हसऱ्या चेहऱ्याचा वेटर आला आणि टेबलावरचा चौकोनी ठिपक्यांचा ठोकळा दाखवून म्हणाला, मेनू यात आहे, फोनने स्कॅन करा. म्हणजे इंग्लंडच्या खेड्यात जेवायचं तर आधी चार्जिंग पाहिजे.

मेनूवर सगळे मानकरी हजर होते. फिश अँड चिप्स. काकांनी विचारलं, मासा कुठला? वेटर प्रामाणिकपणे म्हणाला, "फ्रीजर का, सर." तो बासा होता. इंग्लंडात कॉड किंवा हॅडॉक असतो, थंड समुद्रातला, पिठात बुडवून तळलेला. बासा व्हिएतनामच्या मेकाँग नदीकाठी तळ्यांत वाढवतात आणि त्याला ना वास ना चव, त्यामुळे तो भारतातल्या हॉटेलवाल्यांना फार आवडतो. मग शेपर्ड्स पाय. खाली खिमा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर, भट्टीत खरपूस. मेंढीचं मांस असेल तर शेपर्ड्स, गायीचं असेल तर कॉटेज, असा तिथला नियम. इथं तो पनीरचा होता. कुठल्या मेंढपाळाकडे पनीर असतं, हा प्रश्न मी गिळला. मुंबईत जैन पावभाजी खाणाऱ्या माणसाने असले प्रश्न विचारू नयेत.

काकूंनी 'यॉर्कशर पुडिंग' वाचलं आणि शेवटी गोड म्हणून सांगून टाकलं. ते गोड नसतं. अंडं, मैदा, दूध यांचं पातळ पीठ कडकडीत चरबीत ओतून फुगवलेला तो एक खारट पोकळ वाडगा असतो आणि रविवारच्या रोस्टबरोबर रश्शात बुडवून खायचा असतो. तो आला, शेजारी तपकिरी रस्सा आला. काकूंनी रस्सा हुंगून बाजूला सारला, कॉफीसाठी ठेवलेल्या साखरेच्या पुड्या फोडल्या, त्या वाडग्यात ओतल्या आणि समाधानाने खाऊन टाकलं. मी काही बोलले नाही. यॉर्कशरमधली माणसंही उरलेलं पुडिंग जॅम नाहीतर काकवीसारखा पाक लावून खातात. काकूंनी चुकून परंपराच पाळली होती, आणि त्या रात्री त्या मजल्यावर ती पाळणाऱ्या त्या एकट्याच.

काकांनी मागवलं 'प्लाउमन्स लंच'. एका लाकडी फळीवर आलं. पावाचे दोन तुकडे, चीजचे चौकोन, सफरचंदाच्या चार फोडी आणि व्हिनेगरात मुरवलेला एक छोटा अख्खा कांदा. किंमत सातशेच्या घरात. काका बराच वेळ फळीकडे बघत राहिले. "नांगरटीवरच्या माणसाचं जेवण ना हे? भाकरी-कांदाच की मग!" आणि सवयीने त्यांनी मूठ आवळली. मी "काका, थांबा" म्हणेपर्यंत बुक्की पडली होती. वावरातला कांदा बुक्कीने फुटतो, कारण तो कोरडा असतो. मुरवलेला कांदा बुळबुळीत असतो. तो फुटला नाही. तो निसटला, फळीवरून सुटला आणि पलीकडच्या टेबलावर बसलेल्या चार सॉफ्टवेअरवाल्यांच्या बिअरच्या घागरीत जाऊन पडला. त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या संध्याकाळी दोन टेबलांमध्ये झालेला तेवढाच संवाद. इंग्लंडच्या खेड्यातला पब असता तर यावरून ओळख झाली असती, पुढच्या वर्षी लग्नाचं आमंत्रण आलं असतं. इथं गाण्याचा आवाज एवढा, की काकांची माफीसुद्धा त्यांना ऐकू गेली नाही.

या नांगरट्याच्या ताटामागे एक मजेदार गोष्ट आहे. पाव, चीज आणि बिअर हे इंग्लंडातल्या शेतकऱ्यांचं जेवण जुनंच. पण त्याला हे नाव देऊन, सजवून पबाच्या फळ्यावर लिहिण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरची. युद्धकाळापासून चालू असलेलं चीजचं रेशनिंग १९५४ मध्ये उठलं आणि पुन्हा चीज खपवायचं म्हणून तिथल्या चीज आणि दूध व्यवसायाच्या संस्थांनी पबांतून या ताटाचा जोरदार प्रचार केला. म्हणजे शेकडो वर्षांचा वाटणारा हा थाट बराचसा जाहिरातवाल्यांचा. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "आमच्या जिल्हा दूध संघाला हे सुचलं असतं तर? भाकरी, ठेचा, लोणी, फळीवर मांडून सातशे रुपये." त्यांच्या डोळ्यात क्षणभर कर्जप्रस्ताव तरळून गेला.

बिल दोन हिश्शांत आलं. जेवणावर जीएसटी, दारूवर वेगळा कर, कारण दारू जीएसटीत येत नाही. खाली सर्व्हिस चार्ज. इंग्लंडच्या पबात टिप द्यायची रीत नाही. फार तर शेवटच्या ग्लासाचे पैसे देताना बारवाल्याला म्हणायचं, एक तुझ्यासाठीही घे. काकांनी वेटरला तसं म्हणून बघितलं. "ड्यूटी पे अलाउड नहीं, सर," असं म्हणत तो पोरगा इतका लाजला की त्यालाच आम्ही वेगळे पैसे दिले.

परतताना काका रिक्षात हिशोब करत होते. मी त्यांना धीर द्यावा म्हणून सांगितलं की हे शहर एकेकाळी आपलंच होतं. १६३८ च्या सुमारास आदिलशाहीकडून बंगळूर शहाजीराजांना जहागीर मिळालं. पुढे त्यांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजीराजे तंजावरला स्थिरावले आणि इतक्या लांबून बंगळूर सांभाळणं जड जाऊ लागलं म्हणून त्यांनी ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना तीन लाखांना द्यायची बोलणी केली. सौदा पुरा व्हायच्या आधीच १६८७ मध्ये मोगलांनी शहर घेतलं आणि तेवढ्याच रकमेला म्हैसूरकरांच्या हवाली केलं. काका गप्प झाले. मग म्हणाले, "तीन लाखांत सबंध बंगळूर. तुळया खऱ्या असतील त्या काळी."

या सगळ्यात खेदाची गोष्ट अशी, की बंगळुरूला इंग्लंडचं खेडं खोटं बनवायची गरजच नव्हती. एक खरं होतं. आज आयटी कंपन्यांच्या काचांनी भरलेलं व्हाइटफिल्ड १८८२ मध्ये वसलं ते अँग्लो-इंडियन लोकांसाठी शेतीचं खेडं म्हणून. डेव्हिड इमॅन्युएल स्टार्कनबर्ग व्हाइट नावाच्या गृहस्थांनी ही कल्पना लढवली, म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वोडेयर यांनी जमीन दिली. मधोमध गोल हिरवळ, तिच्याभोवती कौलारू बंगल्या, मागे शेतं, जवळ चर्च. आणि या वर्तुळावर वेव्हर्ली इन नावाची खाणावळवजा सराई, जेम्स हॅमिल्टन यांची. खेडं होतं, हिरवळ होती, इन होतं. फक्त प्लायवूड नव्हतं.

या वेव्हर्ली इनविषयी एक दंतकथा व्हाइटफिल्डची जुनी माणसं चवीने सांगतात. १८९६ ते १८९९ या काळात विन्स्टन चर्चिल नावाचा तरुण लेफ्टनंट बंगळूरच्या छावणीत फोर्थ हुसार्स पलटणीत होता. पोलो खेळायचा, फुलपाखरं गोळा करायचा, गुलाब लावायचा आणि दुपारभर जाडजूड इतिहास वाचायचा. तो म्हणे घोड्यावरून व्हाइटफिल्डला यायचा, कारण हॅमिल्टनसाहेबांची मुलगी रोझ. खरं-खोटं देव जाणे. पण दुसरी एक गोष्ट दंतकथा नाही. बंगळूर क्लबाच्या १८९९ मधल्या वहीत, वसूल न होणाऱ्या रकमांच्या यादीत, लेफ्टनंट चर्चिल यांच्या नावावर तेरा रुपये आहेत. वही क्लबाने जपून ठेवली आहे. हे ऐकल्यावर काका रिक्षात ताठ बसले. "तेरा रुपये? जामीनदार कोण होता?" मी म्हटलं, कुणी नाही. "मग बुडणारच," काका म्हणाले. इंग्लंडच्या पंतप्रधानाविषयी त्यांचं मत तिथल्या तिथे पक्कं झालं आणि घर येईपर्यंत बदललं नाही.

आज व्हाइटफिल्डला मेट्रो जाते, २०२३ पासून. आतलं वर्तुळ अजून आहे, थोडी झाडं आहेत, दोन-चार जुन्या बंगल्या तग धरून आहेत. इन केव्हाच बंद झालं. त्याच्या आसपासच्या काचेच्या इमारतींत मात्र आता खोट्या तुळया लावलेले पब निघताहेत. अस्सल ते घालवून मग नक्कल उभारणं यात या शहराचा हात धरणारं दुसरं शहर नाही.

तसं बघितलं तर बिअर आणि बंगळूर यांचं नातं इंग्रजांनीच जोडलं. १८०९ मध्ये छावणी वसली, गोरे सैनिक आले, त्यांच्यामागे त्यांची तहान आली. दक्षिणेतल्या काही ब्रुअरी एकत्र करून थॉमस लीशमन या स्कॉटिश माणसाने १९१५ मध्ये युनायटेड ब्रुअरीज उभारली. स्वातंत्र्याच्या सुमारास ती विठ्ठल मल्ल्यांकडे आली आणि पुढे त्यांच्या चिरंजीवांकडे. त्यापुढचं वाचकांना माहीत आहे. थकबाकीच्या बाबतीत ते चर्चिलच्या पुष्कळ पुढे गेले, एवढंच काकांनी नमूद करायला सांगितलं आहे. जिथे त्यांची ब्रुअरी होती तिथे आता यूबी सिटी नावाचा चकचकीत मॉल आहे.

ऐंशीच्या दशकात चर्च स्ट्रीट, ब्रिगेड रोड, रेसिडेन्सी रोड या पट्ट्यात ड्राफ्ट बिअरचे पब निघाले आणि शहराला 'भारताची पब राजधानी' हे बिरुद चिकटलं. चर्च स्ट्रीटवरचा नासा तर अंतराळयानासारखा सजवलेला होता. १९८९ चा पेकोस मात्र अरुंद जिना, रॉक संगीताची पोस्टरं आणि मगमधली बिअर एवढ्यावर अजून चालू आहे. सोबत पॉपकॉर्न, मसाला शेंगदाणे, लालबुंद चिकन कबाब. कुणी यॉर्कशर पुडिंगचं नाव काढत नसे आणि कुणाचं काही अडत नसे. मग २०१० च्या सुमारास आपापली बिअर गाळणारे ब्रूपब आले, इंदिरानगरात टॉइट, लवेल रोडवर बीअर क्लब, आणि नवीन पिढी हॉप्स आणि माल्ट यांवर तासन्‌तास वाद घालू लागली. पूर्वी शास्त्रीय संगीतावर घालायची.

एका बाबतीत बंगळुरूच्या पोलिसांनी इंग्रजी परंपरा इंग्रजांपेक्षा निष्ठेने सांभाळली. इंग्लंडच्या पबात रात्री घंटा वाजते, शेवटची ऑर्डर द्या म्हणून, आणि पुढच्या थोड्या वेळात ग्लास रिकामा करून घरी जायचं असतं. हे कडक वेळापत्रक पहिल्या महायुद्धातलं. तोफगोळ्यांच्या कारखान्यातले कामगार शुद्धीवर राहावेत म्हणून सरकारने पबांच्या वेळा आवळल्या, दुपारी बंद ठेवायला लावले. युद्ध १९१८ मध्ये संपलं, दुपारची बंदी १९८८ पर्यंत चालली. सरकारी नियम एकदा आला की सवडीने जातो, हे आपल्याकडेच घडतं असं समजायचं कारण नाही. बंगळुरूत बरीच वर्षं रात्री साडेअकराच्या आत दिवे लागायचे, गाणं बंद व्हायचं आणि दारात खाकी वर्दी दिसायची. घंटेची गरज नसे. २०१४ मध्ये शुक्रवार-शनिवारी एक वाजेपर्यंत मुभा मिळाली तेव्हा अर्ध्या शहराने पेढे वाटायचे तेवढे बाकी ठेवले.

आता माझं मत. नक्कल केली याबद्दल मला राग नाही. आपण शाळेच्या गणवेशापासून क्रिकेटपर्यंत इंग्रजांचं पुष्कळ उचललं आणि चांगलं वापरलं. पण इथल्या पबवाल्याने तुळई उचलली, शेकोटी उचलली, पितळी बिल्ले उचलले आणि मूळ वस्तू तिथेच विसरून आला. खेड्यातल्या पबाची मूळ वस्तू म्हणजे बसणं. कुणी उठा म्हणत नाही, बोललेलं ऐकू येतं, आणि आत येणारा माणूस कुणाचा कोण ते आतल्यांना ठाऊक असतं. जॉर्ज ऑरवेलने १९४६ मध्ये वर्तमानपत्रात आपल्या आवडत्या पबावर एक लेख लिहिला होता. हे गृहस्थ जन्मले बिहारमधल्या मोतिहारीत, त्यामुळे त्यांच्यावर आपला थोडा हक्क आहे. त्यांच्या पबात रेडिओ नाही, पियानो नाही, गप्पा मारता येतील इतपत शांतता, वाढणाऱ्या बायकांना गिऱ्हाइकांची नावं ठाऊक, खायला कलेजीच्या सॉसेजचं सँडविच. सगळं वर्णन करून शेवटी ते सांगतात, की असा पब अस्तित्वातच नाही.

ऑरवेलना बंगळूरचा पत्ता कुणी दिला नव्हता. सेंट मार्क्स रोडवर कोशीज आहे. १९४० मध्ये पी. ओ. कोशी यांनी बेकरी काढली, त्यातून हे रेस्टॉरंट उभं राहिलं. एकही तुळई नाही. उंच छत, पंखे, साधी टेबलं, पांढऱ्या कपड्यातले वयस्क वेटर. संगीत नाही. एका टेबलावर नाटकवाले, दुसऱ्यावर निवृत्त न्यायाधीश, तिसऱ्यावर कुणीतरी एकटाच वर्तमानपत्र उघडून सकाळपासून बसलेला. इतिहासकार रामचंद्र गुहा इथले जुने गिऱ्हाईक. त्यांनी यावर लिहिलंही आहे. बिअर मिळते, कॉफीही मिळते, आणि टोस्टवर बीन्स, टोस्टवर कोंबडीची कलेजी असले पदार्थ आजही मेनूवर आहेत. ऑरवेलच्या सँडविचच्या इतकं जवळ इंदिरानगरातलं कुठलंही खेडं पोचलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी काका-काकूंना तिथे नेलं. वेटर आला, पण घाई न करता आला. काकांनी छताकडे बघितलं, मग टेबलावर हात ठेवून ते हलतं का पाहिलं. शेजारचे एक म्हातारे गृहस्थ स्वतःहून कन्नडमध्ये काही म्हणाले. काका सांगलीचे, म्हणजे कन्नड निम्मं समजणारे. अर्ध्या तासात दोघं अलमट्टी धरणाच्या पाण्यावर भांडत होते. भांडण छान रंगलं. काकू मटण कटलेट खाता खाता म्हणाल्या, "ताईच्या फोनमध्ये दिसतं तसंच आहे की. कुत्रा तेवढा नाही."

जेवायचंच असेल आणि पोट भरायचंच असेल, तर आणखी एक पर्याय आपल्या माणसांचा आहे. बंगळुरूतली जुनी मिलिटरी हॉटेलं. यांतली कित्येक इथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठा कुटुंबांनी काढलेली. जयनगरचं शिवाजी मिलिटरी हॉटेल तर नावापासूनच आपलं. पानांच्या द्रोणात बिर्याणी, मटण चॉप्स, बाकावर शेजारी कोण बसेल त्याच्याशी कोपर लावून जेवायचं. दारू नाही. काकांना तिथं परवाना दाखवावासा वाटला, पण बिर्याणी बघितल्यावर त्यांनी तो खिशातच राहू दिला.

तेव्हा तुमच्याकडे कुणी पाहुणे आले आणि गॅलरीत घसा खाकरू लागले, तर लिफ्टवाल्या खेड्यात जाऊ नका. दुपारी सेंट मार्क्स रोडवर जा, पंख्याखालचं टेबल धरा, कलेजी-टोस्ट मागवा. बिअर इथे बर्फासारखी गार येते. इंग्रज लोक आपली पिंपातली एल तळघराच्या तापमानाला, अकरा ते तेरा अंशांवर पितात. तशीच अस्सल हवी असेल तर ग्लास समोर ठेवा आणि अर्धा तास गप्पा मारा. कोशीजमध्ये तेवढ्या वेळात तुम्हाला कुणी उठवणार नाही.